समाधानी गळा पुढे जातो का?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गाणं शिकलेलं माणूस शोधावं लागत नाही. शहराच्या लष्कर भागातल्या कितीतरी जुन्या घरांत कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा उभा असतो आणि संगीताच्या परीक्षांत मध्यमा नाहीतर विशारदपर्यंत पोचलेलं कुणीतरी असतंच. त्यांतले बरेच जण आजही रोज गातात. पहाटे, किंवा दिवेलागणीनंतर अर्धा-पाऊण तास. यमन, भूप, शेवटी एखादं भजन. मन निवतं, झोप चांगली लागते. आणि गाणं मात्र २० वर्षांपूर्वी होतं तिथंच असतं. तीच तान त्याच जागी पुसली जाते, तोच तीव्र मध्यम तसाच उतरलेला लागतो.

हीच मंडळी एक प्रश्न विचारतात, बहुधा जरा अपराधी स्वरात: मी समाधानी आहे म्हणून माझं गाणं थांबलं का? पुढं जायचं तर हे समाधान सोडावं लागेल का?

सोडू नका. समाधान फार कष्टानं मिळतं आणि गाण्याला त्याची गरजही असते. पण रियाजाच्या तासात ते कुठं बसवायचं आणि कुठून उठवायचं, हे शिकावं लागतं. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. खाली जे लिहितो आहे ते गाण्याच्या संदर्भात आहे, कारण मला गाण्याचं कळतं. चित्रकला, स्वयंपाक, लेखन किंवा नोकरीतलं कसब यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी गाणं थांबतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. नवी तान शिकताना प्रत्येक स्वराकडं लक्ष द्यावं लागतं. काही महिन्यांनी ती 'बसते', म्हणजे लक्ष न देताही येते. हे बसणं आवश्यकच आहे, नाहीतर मैफलीत तबल्याकडं, शब्दांकडं, रागाच्या चेहऱ्याकडं लक्ष देताच येणार नाही. पण तान बसते तेव्हा तिच्यातल्या चुकांसकट बसते. यमनमधली साधी उतरती तान घ्या: 'सां नि ध प' एका मात्रेत, 'म ग रे सा' दुसऱ्या मात्रेत. अशा चौपटीत, म्हणजे एका मात्रेत चार स्वर घेताना, ती दोन ठिकाणी बिघडते. पंचमावरून उतरताना तीव्र मध्यम पुरता चढलेला राहत नाही, शुद्धाकडं घसरतो. आणि 'ग रे सा'मधला रिषभ गिळला जातो, कारण गळ्याला षड्जावर पोचायची घाई झालेली असते. एकदा हे असंच बसलं की गाणाऱ्याला त्यात चूक ऐकूच येत नाही. मन पुढचा स्वर आधीच ऐकतं आणि गळ्यानं काय केलं याची चौकशी करत नाही.

इथं समाधानाचा संबंध येतो. गाताना जो आनंद होतो तो मनात ऐकू येणाऱ्या गाण्याचा असतो, बाहेर पडलेल्या गाण्याचा असेलच असं नाही. शिवाय आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्ही वाटांनी ऐकू येतो. हाडांतून येणारा आवाज जाड आणि भरदार असतो, म्हणून ध्वनिमुद्रणात आपला आवाज पातळ वाटतो. म्हणजे ज्या कानानं चूक पकडायची, तोच कान आपल्याला सगळ्यात गोड आवृत्ती ऐकवतो. गाणारा तृप्त आहे हे वाईट नाही. तृप्त मनाकडंच तपासणीचं कामही सोपवलेलं आहे, अडचण तिथं आहे.

प्रत्येक थांबणं मात्र दोषाचं नसतं, आणि हे न कळल्यामुळं पुष्कळ लोक उगाच स्वतःला कोसतात. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोन संशोधकांनी १८९७ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ऐकून लिहून घेण्याचा वेग आधी वाढतो, मग काही आठवडे आडवा पडून राहतो, आणि पुन्हा चढतो, असं त्यांना दिसलं. त्यांचा अर्थ असा होता, की त्या आडव्या काळात सुटी अक्षरं ऐकण्याची सवय मागं पडून अख्खे शब्द ऐकण्याची सवय तयार होत असते. तानेचं तसंच आहे. सुटे स्वर जोडून गाणारा गळा चार-चार स्वरांचा एकेक घास घ्यायला शिकतो, त्या मधल्या काळात वेग वाढत नाही. वरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकारचं थांबणं सारखंच दिसतं. फरक ओळखायची खूण अशी: खालून बांधकाम चालू असेल तर चुकीची जागा हलते. मागच्या आठवड्यात मध्यम घसरत होता, या आठवड्यात तो सांभाळला गेला आणि रिषभ घसरला. वेग तोच, पण श्रम कमी लागतात. उलट, चूक ३ आठवडे त्याच मात्रेवर त्याच स्वराला होत असेल आणि तुम्हाला गाऊन छान वाटत असेल, तर तिथं वाढ थांबलेली आहे.

समाधान आणि वाढ यांबद्दल मोजून पाहिलेलं फार थोडं हाताशी असतं, त्यातलं एक इथं सांगण्यासारखं आहे. ओईशी, डीनर आणि लुकास यांनी २००७ मध्ये एक निबंध लिहिला, प्रश्न हाच: माणूस गरजेपेक्षा जास्त सुखी असू शकतो का? त्यांना दिसलं, की स्वतःला सगळ्यात सुखी म्हणवणारी माणसं जवळच्या नात्यांत आणि स्वयंसेवेत पुढं होती. शिक्षण आणि कमाई यांत मात्र त्यांच्यापेक्षा किंचित कमी सुखी असलेली माणसं पुढं होती. 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुःखी माणसं पुढं होती असं ते म्हणत नाहीत. आणि सुखामुळं शिक्षण अडलं, असंही यातून सिद्ध होत नाही; दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच. मला त्यातून जे घ्यावंसं वाटतं ते असं: आयुष्यात भरपूर सुख आणि कामात चिमूटभर अस्वस्थता, हे प्रमाण चालतं. ती चिमूट मोजून टाकायची असते.

दुसरा अभ्यास अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, १९९३ चा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा. वरच्या दोन गटांतले विद्यार्थी आठवड्याला सुमारे २४ तास एकट्यानं सराव करत होते. संगीत शिक्षक होऊ घातलेले सुमारे ९ तास. या तासांचीच चर्चा सगळीकडं होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, की प्रगतीला सगळ्यात उपयोगी काय आणि सगळ्यात आनंदाचं काय. एकट्यानं केलेला सराव उपयोगात अगदी वर होता, आनंदात तितका वर नव्हता. म्हणजे रोजचा अर्धा तास जर पहिल्यापासून शेवटपर्यंत आनंदाचाच असेल, तर तो उपासना आहे, आणि उपासना म्हणून तो उत्तम आहे. त्याला रियाज म्हणून त्याच्याकडून प्रगतीची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्याकडं समाधानाला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आपण उठता-बसता म्हणतो. पण तेच तुकोबा 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास' असंही सांगतात. योगातल्या पाच नियमांत संतोषाच्या लगेच पुढं तप येतं. दोन्ही एका माणसात नांदू शकतात, हे त्या लोकांनी गृहीतच धरलं होतं.

मग समाधान म्हणून आपण जे जपतो ते खरंच समाधान आहे का, हे आधी तपासावं. शिकवताना तीन निरनिराळ्या गोष्टी त्याच नावाखाली दिसतात. पहिली म्हणजे सोय: नेहमीचा राग, नेहमीची पट्टी, नेहमीचा ठेका, मोबाइलमधल्या तंबोऱ्याचा नेहमीचा आवाज. दुसरी म्हणजे भीती, आणि ती फार चांगले कपडे घालून येते. 'आम्हाला कुठं मैफली करायच्यात?' हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारतो, कारण ते बहुधा अशा माणसाकडून येतं ज्याला पूर्वी कधीतरी मैफल करायची होती. तिसरं खरं समाधान. त्याची परीक्षा सोपी आहे. जाणकार माणसासमोर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, गा आणि त्यांना एकच चूक काढायला सांगा. समाधान खरं असेल तर चूक ऐकून डंख बसत नाही. 'हो का? परत गाऊन बघतो' असंच तोंडून येतं. डंख बसला, खुलासे सुरू झाले, आज घसा बरा नव्हता, तबलजींनी लय चढवली, तर आत समाधान नव्हतं. म्हणून मी म्हणतो, खरं समाधान वाढीला आड येत नाही. उलट, चूक सहन करायची ताकद त्याच्यातूनच येते. ज्याचं सगळं मोठेपण आपल्या गाण्यावर टांगलेलं आहे, त्याला स्वतःचं ध्वनिमुद्रण तीन मिनिटंसुद्धा ऐकवत नाही.

आता प्रत्यक्ष तासाबद्दल. ६० मिनिटं धरू. पहिली १० खर्जाची. षड्जावर सुरुवात करून मंद्र पंचमापर्यंत हळूहळू उतरायचं, एकेका श्वासात एकच स्वर, १० ते १२ सेकंद. हनुवटी छातीकडं दाबून खालचा स्वर काढायचा मोह होतो, तो टाळा. तसं केलं तर स्वर लागल्याचा भास होतो, पण आवाज घशात अडकतो. पुढची १५ मिनिटं पलट्यांची, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट सरावाची, तालयंत्र लावून. त्यानंतरची १५ एकाच दुखऱ्या जागेची. आणि शेवटची २० मिनिटं मनसोक्त गायची. या २० मिनिटांत तालयंत्र बंद, वही बंद, चूक झाली तरी थांबायचं नाही. समाधानाची जागा ही. तपासणीची १५ मिनिटं झाल्यावर ते यावं, आधी नाही. क्रम उलटा केला, आधी मनसोक्त गाऊन घेतलं आणि मग दुखऱ्या जागेकडं वळलं, तर मन भरलेलं असतं आणि कान दमलेला. तेव्हा 'आज एवढं पुरे' हे ठरलेलंच. आणि शेवटची २० मिनिटं गाळली, सगळा तास दोष काढण्यात घातला, तर महिन्या-दोन महिन्यांत रियाजालाच बसावंसं वाटेनासं होतं.

ती दुखरी जागा शोधायची कशी? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ३ मिनिटांचं मुद्रण करा. राग तोच, बंदिश तीच, पट्टी तीच, लय तीच. मोबाइल ४-५ फुटांवर ठेवा, तोंडाजवळ नको, नाहीतर श्वासाचे फटकारे येतात. तंबोरा दुसऱ्या यंत्रावर किंवा हातात. काही मोबाइल बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून मागचा संथ आवाज आपोआप कापतात आणि त्यात तंबोराच गायब होतो. तशी सोय असेल तर बंद करा, कारण तंबोऱ्याशिवाय बेसूरपणा पकडता येत नाही. मुद्रण केल्यावर लगेच ऐकू नका. निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. लगेच ऐकलं तर मन अजून गातच असतं आणि जे गायचं होतं तेच ऐकतं.

दुसऱ्या दिवशी तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सूर. दुसऱ्यांदा फक्त लय, हातानं ठेका धरून. तिसऱ्यांदा शब्द आणि श्वास: बंदिशीतला शब्द कुठं तुटला, श्वास नको तिथं कुठं घेतला. एकाच वेळी सगळं ऐकायला गेलं की 'ठीक आहे' एवढंच हाती लागतं. सुरुवातीला आवाजाचा पोत ऐकून वाईट वाटेल. पहिले ३ आठवडे पोताबद्दल काहीही लिहायचं नाही. मग वहीत एकच ओळ: 'तिलवाडा, दुसरं आवर्तन, ११वी मात्रा, निषाद उतरलेला.' एकच. पाच ओळी लिहिल्या तर सहा दिवसांत पाचही सुधारत नाहीत. 'सूर सुधारायला हवा' अशी ओळ लिहिली तर तिचा काहीच उपयोग नाही, कारण उद्या सकाळी त्यावर काय करायचं ते तिच्यात नाही. तिलवाडा हा विलंबित ख्यालाचा ताल, त्याच्या १६ मात्रा. मिनिटाला ३० मात्रा धरल्या तर आवर्तन ३२ सेकंदांचं. त्या ३२ सेकंदांतले ४ सेकंद दुरुस्त करायचे आहेत. आठवडाभराचं काम एवढंच.

एक मुद्रण घरच्यांच्या गटात पाठवायचं आणि एक वहीसाठीचं, ही दोन वेगवेगळी ठेवा. गटात अंगठे आणि फुलं येतात, ती प्रेमानं येतात, ती घ्यावीत. पण ज्या तानेला फुलं मिळाली तिच्यावर वहीत ओळ लिहायला हात धजत नाही. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमानंतरही असंच होतं: टाळी द्रुत तानेला पडते, आणि पुढचे सहा महिने माणूस तीच तान सांभाळत बसतो.

दुखऱ्या जागेवर काम करायची रीत. वर सांगितलेली यमनची उतरती तान घेऊ. तालयंत्र मिनिटाला ६० मात्रांवर, आधी दुप्पट, मग चौपट. ६० वर चौपट म्हणजे मिनिटाला २४० स्वर. सलग तीनदा स्वच्छ आली तर ४ मात्रा वाढवा: ६४. सलग दोनदा बिघडली तर ८ उतरवा. दर आठवड्याला एक पायरी धरली तर ६० पासून ८० पर्यंत पाच पायऱ्या, म्हणजे पाच आठवडे. प्रत्यक्षात सात-आठ लागतात, कारण ७२ च्या आसपास बहुतेकांचा जबडा हलायला लागतो. तानेचा प्रत्येक स्वर जबड्याच्या हालचालीनं निघायला लागला की वेगाची हद्द आलीच. आरसा समोर ठेवा. मग जोर बदलून गा: चार स्वरांच्या गटात आधी पहिल्यावर जोर, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. रिषभ गिळला जात असेल तर दुसऱ्या गटातल्या तिसऱ्या स्वरावर जोर देताना तो लपूच शकत नाही.

आणि तान नेहमी सुरुवातीपासून म्हणू नका. चुकलं की परत पहिल्यापासून, ही सवय फार लोकांना असते. त्यामुळं पहिले चार स्वर शंभरदा घोटले जातात आणि शेवटचे चार दहादा. शेवटापासून मागं या: आधी 'रे सा', मग 'ग रे सा', मग 'म ग रे सा'. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची जागा पक्की असली की वरून कितीही मोठी तान घ्या, उतरताना पायाखाली जमीन असते.

याउलट जो कधीच समाधानी नसतो त्याचंही गाणं थांबतं, आणि ते जास्त करुण असतं. असा गाणारा आलापात न्यासाच्या, म्हणजे विसाव्याच्या, स्वरावर थांबत नाही. गंधारावर आला की लगेच हलतो, कारण थांबलं तर चूक ऐकू येईल ही धास्ती. तान अर्ध्यातच सोडतो. आवाज बारीक करून गातो. त्याला रियाज वाढवायला सांगू नये. वाढवला तर घसा बसतो. दोष शोधायची १५ मिनिटं १० वर आणा, शेवटची २० मिनिटं ३० करा, आणि दोन आठवडे मुद्रण बंद ठेवा. बर्लिनचे ते चांगले विद्यार्थी दुपारची झोपही जास्त घेत होते, हे त्या तासांच्या चर्चेत विसरलं जातं.

समाधानाबद्दल आणखी एक गोष्ट ग्वाल्हेरच्या गायकीनंच शिकवली आहे. आलाप, बोलआलाप, बहलावा (स्वर लांबवत, घोळवत केलेला विस्तार), बोलबाँट (बंदिशीच्या शब्दांची लयीत वाटणी), बोलतान, तान, लयकारी अशी सगळी अंगं एका ख्यालात यावीत, यासाठी ही गायकी अष्टांग म्हणून ओळखली जाते. आठांची यादी सांगणाऱ्यागणिक थोडी वेगळी असते. आणि हे सगळं ओळखीच्या, सरळ रागांत: यमन, भूप, भैरव, हमीर, अल्हैया बिलावल, गौडसारंग. अनवट रागांच्या मागं धावणं इथं मोठेपणाचं मानलं गेलं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) वासुदेवबुवा जोशींकडं शिकून हीच गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचे शिष्य. इकडं ग्वाल्हेरात १९१८ मध्ये महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनानं माधव संगीत विद्यालय सुरू झालं. आज घराघरांत ज्या परीक्षांची प्रमाणपत्रं आहेत, त्यांच्या मुळाशी या दोन वाटा आहेत.

परीक्षांनी गाणं घरोघरी नेलं, हे ऋण मोठं आहे. पण त्यांनी एक सवयही लावली: राग 'झाला' असं म्हणायची. विशारद झालेल्या माणसाचे पुष्कळ राग 'झालेले' असतात. थांबलेपणाची टोचणी लागली की तो नवा राग शिकायला घेतो आणि त्याला वाढ मानतो. जोगकंस घेतला, मधुकंस घेतला. नव्या रागात तीच जुनी तान, तोच घसरता निषाद, फक्त स्वर बदललेले. अशा वेळी मी उलट सुचवतो. वर्षाला ३ राग, चार-चार महिने एकेक. एका रागात एक विलंबित, एक द्रुत आणि एक तराणा. वहीत त्या रागाच्या पानावर आठ अंगं लिहा आणि प्रत्येकापुढं शेवटची तारीख टाका, ज्या दिवशी ते अंग तुम्ही मुद्दाम गायलं. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं. आलाप गोड असलेल्यांच्या बोलबाँटसमोर तारीखच नसते. तानेवर खूश असलेल्यांच्या बहलाव्यासमोर नसते. नव्या रागाची हाव सोडून एका रागावर समाधान मानलं, की त्या रागाच्या आत किती जागा रिकामी आहे ते दिसायला लागतं. इथं समाधान थेट वाढीच्या कामाला येतं.

बोलबाँटसमोर तारीख नसण्याचं कारण बहुधा एकच: लय हातात नाही. बंदिशीचे शब्द ठेक्यावर टाळी देत नुसते बोला, न गाता. एका मात्रेत दोन अक्षरं, मग तीन, मग चार. तीनांत अडखळायला होतं, कारण दोन आणि चार शरीराला सवयीचे असतात. आठवडाभर फक्त तीन. मग स्वर घाला.

गावाच्या हवेचाही यात वाटा आहे, म्हणून थोडं. जानेवारीत इथं धुकं आणि कडाका असतो. पहाटे उठून थेट तार षड्जाला हात घालणं म्हणजे घशाला मारणं. आधी १० मिनिटं तोंड मिटून गुणगुणा, हीटर पाठीमागं ठेवा, समोर नको, त्याची कोरडी हवा घशात जाते. मे-जूनमध्ये अडचण वेगळी. कूलरच्या घरघरीला स्वतःचा असा एक स्वर असतो, आणि तो तंबोऱ्याच्या पट्टीशी क्वचितच जुळतो. तासभर तो कानावर असला की षड्ज नकळत त्याच्याकडं सरकतो. खर्ज आणि दुखऱ्या जागेची मिनिटं कूलर बंद करूनच करा, मनसोक्त गाताना चालू ठेवा. पावसाळ्यात तंबोऱ्याची पट्टी रोज थोडी हलते; बसल्यावर आधी जुळवा, आणि अर्ध्या तासानं पुन्हा एकदा.

डिसेंबरात हजीऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, तानसेन समारोह असतो. तिथं ऐकायला जाल तेव्हा एक करून पाहा. ज्या अंगापुढं वहीत तारीख नाही, फक्त तेवढंच ऐका. समोर कितीही मोठा कलावंत असो, बोलबाँट कशी उचलली, समेवर येण्याआधी किती मात्रा शब्द मोकळा ठेवला, तेवढंच. घरी येऊन चार ओळी लिहा. संपूर्ण मैफलीनं मन भरतं आणि दुसऱ्या दिवशी हातात काही उरत नाही; एका अंगाचं ऐकणं हातात उरतं.

साठीच्या पुढच्यांसाठी वेगळं सांगायला हवं. आवाजाची वरची बाजू या वयात आखडते आणि तार गंधार ओढून लागतो. पुष्कळ जण ३० वर्षांची पट्टी सोडायला तयार नसतात. ती सोडणं म्हणजे हार मानणं, असं त्यांना वाटतं. मग तार सप्तक टाळून गातात, बंदिशीचा अंतरा गुणगुणून संपवतात, आणि राग अर्धाच राहतो. पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवा: पेटीवर पुरुषांनी काळी एकवरून पांढरी एकवर, बायकांनी काळी चारवरून पांढरी पाचवर. अंतरा परत मोकळा होईल. तंबोऱ्याच्या तारा नव्या ताणावर स्थिर व्हायला दोन-तीन दिवस घेतात आणि कानालाही तेवढेच लागतात. ते दिवस तालयंत्र नको, तान नको, मुद्रण नको. फक्त खर्ज, नवा षड्ज, एकेका श्वासात एक स्वर.